मुलाचं हृदय थांबतं तेव्हा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळेत किंवा पाळणाघरात एखादं मूल अचानक कोसळलं, की कुणी पाणी शिंपडतं, कुणी कांदा हुंगवतं, कुणी आईवडिलांना फोन लावतं. पण मूल हाक मारून, हलवून प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वासही घेत नसेल, तर हृदय थांबलं आहे असंच धरून चालायचं. रक्तपुरवठा बंद झाला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स क्वचितच पोहोचते. मुलाला वाचवायचं तर समोर असलेल्या ताईंनी, सरांनीच सुरुवात करायला हवी.

गैरसमज: हृदय बंद पडणं हे मोठ्या माणसांचं दुखणं.
वस्तुस्थिती: मोठ्यांमध्ये बहुतेकदा मूळ बिघाड हृदयात असतो. लहान मुलांमध्ये बहुतेकदा आधी श्वास अडतो आणि प्राणवायू न मिळाल्याने मग हृदय थांबतं. घशात अडकलेला शेंगदाणा, पाण्यात बुडणं, दम्याचा तीव्र झटका ही त्याची कारणं. म्हणून पाळणाघरातली काळजी डब्यापासून सुरू होते. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे नकोत. द्राक्षं उभी चिरून द्यावीत. खाताना मुलं एका जागी बसलेली हवीत. बादल्या, टब वापरून झाले की रिकामे करावेत, कारण रांगतं बाळ वीतभर पाण्यातही बुडू शकतं.

गैरसमज: घशात काही अडकलं की बोट घालून काढावं.
वस्तुस्थिती: वस्तू दिसत नसताना बोट घातलं तर ती आणखी आत जाते. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये 5 थापा मारा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर 5 वेळा आत-वर दाबा. एक वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही; त्याला डोकं खाली ठेवून पालथं धरून पाठीवर 5 थापा आणि उताणं करून छातीवर 5 दाब द्यायचे. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करायचं.

गैरसमज: धडधाकट, खेळकर मुलाला असं होत नाही.
वस्तुस्थिती: हृदयाचा स्नायू जाड होणं, हृदयाच्या विद्युतप्रवाहातले जन्मजात दोष असे आजार वरून दिसत नाहीत. निरोगी मुलाच्या छातीवर नेमक्या क्षणी सीझनचा चेंडू आदळला, तरी हृदयाची लय कोलमडू शकते. धावताना मूल बेशुद्ध पडलं, तर ‘उपाशी असेल’ म्हणून सोडून देऊ नका. हृदयाची तपासणी करून घ्या.

गैरसमज: आचके देतंय, म्हणजे श्वास चालू आहे.
वस्तुस्थिती: हृदय थांबल्यावरही काही वेळ घरघर, अधूनमधून आचके किंवा फिटसारखे झटके दिसतात. जपानमधल्या सायतामा शहरात सप्टेंबर 2011 मध्ये सहावीतली मुलगी 1,000 मीटर धावण्याच्या सरावानंतर कोसळली. श्वास आहे असं समजून शिक्षकांनी तिला स्ट्रेचरवरून आरोग्य कक्षात नेलं. शॉक देणारं एईडी यंत्र शाळेत होतं, पण ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची सुमारे 11 मिनिटं ते वापरलं गेलं नाही, छातीही दाबली गेली नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. त्यानंतर शहराच्या शिक्षण मंडळाने तिच्या कुटुंबासोबत शिक्षकांसाठी नवी मार्गदर्शिका केली. तिचा गाभा एकच: श्वासाबद्दल शंका असली, तरी छाती दाबायला लागा.

गैरसमज: सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) डॉक्टरांनीच द्यावा, नाहीतर बरगडी मोडेल.
वस्तुस्थिती: बरगडी जुळून येते. मुलाला कठीण जमिनीवर उताणं ठेवा. 108 ला फोन लावून स्पीकर चालू करा. छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 या वेगाने दाबा: मुलाची छाती सुमारे 5 सेंटिमीटर, बाळाची 4 सेंटिमीटर आत जायला हवी. 30 दाब झाले की दोन श्वास द्या. मुलांमध्ये श्वासच आधी अडलेला असल्याने हे दोन श्वास फार मोलाचे. ते जमत नसतील तरी दाबणं थांबवू नका.

गैरसमज: एईडीचा शॉक लहान मुलाला झेपत नाही.
वस्तुस्थिती: हे यंत्र आधी हृदयाची लय तपासतं आणि गरज असेल तरच शॉक देतं. मुलांचे पॅड नसतील तर मोठ्यांचे वापरावेत: एक छातीवर, एक पाठीवर.

जूनमध्ये प्रवेश घेताना फी आणि गणवेशाबरोबर एवढंही विचारा: सीपीआर कोणाकोणाला येतो? शेवटचा सराव कधी झाला? मूल कोसळलं तर 108 ला फोन कोण करणार, छाती कोण दाबणार आणि ॲम्ब्युलन्सला वाट दाखवायला फाटकावर कोण थांबणार? उत्तर मिळालं नाही, तर पालकसभेत हा विषय लावून धरा. हा सराव एका दुपारी होतो आणि तो वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या कामाचा आहे.