विषय खाटेवरचा

कसबा बावड्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विषयात एम.डी. करणाऱ्या डॉक्टरांना तीन वर्षांत प्रबंध लिहावाच लागतो. विषय कुठून आणायचा? समोरच्या खाटेवरून! महाडला डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तेच केले. विंचूदंशावर प्राझोसिन (मूळचे रक्तदाबाचे औषध) पुरे, की जोडीला प्रतिविषही द्यावे? ७० रुग्णांचे दोन सारखे गट पाडले. कोण कुठल्या गटात, हे डॉक्टरांच्या मर्जीने नव्हे, तर चिठ्ठी टाकावी तसे ठरले. एरवी सौम्य दंशाचे रुग्ण नकळत एकाच गटात जमायचे. दहा तासांत नुसत्या प्राझोसिनवर ८ जण पूर्ण बरे झाले, दोन्हींवर ३२. हा निबंध २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. महाडला ना वैद्यकीय महाविद्यालय होते, ना प्रबंधाची सक्ती.