झेंड्याची सुटी आणि अवंतिकाबाई

26 जानेवारी जवळ आली, की रोडपालीत घरोघरी मुलांची गडबड सुरू होते. कोणाला धुतलेला गणवेश हवा असतो, कोणाचा एक बूट सापडत नाही. आपण म्हणतो, "अरे, उद्या सुटी ना? मग शाळेत कशाला?" मूल म्हणते, "आई, उद्या झेंडावंदन आहे!"

धडे नाहीत, तरी शाळेत जायचे. अशी ही सुटी कोठून आली बरे?

डिसेंबर 1929 मध्ये लाहोरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. आपल्याला संपूर्ण स्वातंत्र्य हवे, असे तेथे ठरले. मग 26 जानेवारी 1930 रोजी देशात गावोगावी लोक जमले. त्यांनी स्वातंत्र्याची शपथ घेतली. राज्य तेव्हा इंग्रजांचे होते. ते कशाला सुटी देतील? लोकांनीच हा दिवस पाळला.

त्या झेंड्यासाठी बायकांनीही खूप सोसले. त्यांतल्याच एक मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले.

त्यांचा जन्म 1882 चा. लहानपणी त्या शाळेत गेल्या नाहीत. तेव्हा मुलींना शाळेत कोण घालणार? लग्न मात्र लवकर झाले. पती बबनराव यांचा आग्रह, की बायकोने शिकावे. म्हणून सासरी आल्यावर त्या लिहावाचायला शिकल्या.

पुढे 1917 साली गांधीजींनी बिहारमधील चंपारण भागात खेड्यांतून शाळा काढल्या. तेथे शिकवायला अवंतिकाबाई गेल्या. आता तिकडची भाषा हिंदी. मराठी बाईला ती कशी जमावी? गांधीजींनी धीर दिला. व्याकरण राहू द्या, आधी स्वच्छता आणि चांगले वागणे शिकवा, असे त्यांचे सांगणे होते. अशा बायांचे वर्ग छान चालले. 1918 साली अवंतिकाबाईंनी गांधीजींचे चरित्र मराठीत लिहिले. त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना आहे. पाहा, शाळेची पायरी न चढलेल्या बाईने पुस्तक लिहिले!

1930 साली सत्याग्रह सुरू झाला. 25 सप्टेंबरला आपल्या शेजारच्या उरण तालुक्यात, चिरनेरला, जंगल सत्याग्रह करणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला. त्यात माणसे मेली. पुढच्याच महिन्यात मुंबईत झेंडावंदन व्हायचे होते. सरकारने मनाई केली. तरी अवंतिकाबाई पुढे झाल्या. त्यांना पकडले, तुरुंगात टाकले. गुन्हा काय, तर झेंड्याला वंदन!

15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला. तो दिवस त्यांनी पाहिला. 1949 साली त्या वारल्या. आपले संविधान लागू झाले 26 जानेवारी 1950 रोजी. लोकांनी शपथ घेतली ती तारीख मुद्दाम धरली. तेव्हापासून तो प्रजासत्ताक दिन झाला. ज्या वंदनासाठी तुरुंग भोगावा लागला, त्याच वंदनासाठी आता शाळा मुलांना बोलावते.

म्हणून आम्ही म्हणतो, या दिवशी मुलाला एकट्याला धाडू नका. घटकाभर काम बाजूला ठेवून तुम्हीही चला. मुलाच्या पाठ्यपुस्तकात आरंभीच संविधानाची उद्देशिका छापलेली असते. ती त्याच्याकडून वाचून घेऊ नका. आता तुम्हांला अक्षरे येतात. अडखळत का होईना, तुम्हीच ती वाचा, आणि मुलाला ऐकू द्या.