नितळ पाणी आणि निर्जंतुक पाणी

आषाढीच्या वारीत माउलींच्या पादुकांना नीरास्नान घडले म्हणजे पालखी सातारा जिल्ह्यात प्रवेश करते व लोणंदास मुक्कामाला येते. दिवस पावसाळ्याचे, नदी गढूळ आणि गावात अफाट जनसमुदाय. अशा वेळी घरोघरी पिण्याच्या पाण्याची चिंता वाटावी, हे साहजिकच आहे. या चिंतेवरील एका उपायाचे साधन नीराकाठच्याच शिवारात आहे. ते म्हणजे उसाचे चिपाड.

रस काढून उरलेले हे तंतू हवा कोंडून तापविले की त्यांचा कोळसा होतो. तो 800 ते 1000 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यावर वाफ सोडली, म्हणजे त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. यालाच सक्रियित कोळसा म्हणतात. चिपाड फॉस्फरिक आम्लात मुरवून सुमारे 500 अंशांवर भाजण्याचीही रीत आहे. तीत शेवटी आम्ल पूर्णपणे धुऊन काढावे लागते. चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅममधील छिद्रांच्या भिंती पसरल्या, तर त्या 500 चौरस मीटरांहून अधिक जागा व्यापतील! पाण्यातील रंग, दुर्गंध व पुष्कळशी कीटकनाशके या भिंतींना चिकटून राहतात. या क्रियेस अधिशोषण असे नाव आहे. कोळशाचा रंग शोषण्याचा गुण रशियातील रसायनज्ञ लोव्हिट्स याने 1785 मध्ये दाखविला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून सैनिकांचे रक्षण करणाऱ्या मुखवट्यांतही असाच कोळसा भरीत असत.

करवंटीचा कोळसा टणक असतो. चिपाडाचा हलका व ठिसूळ. म्हणून त्याची भुकटी पाण्यात ढवळून मग ते गाळून घेणे सोयीचे पडते.

तथापि गृहिणींनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. चुलीतील निखारे विझवून केलेला कोळसा म्हणजे सक्रियित कोळसा नव्हे. शिवाय सक्रियित कोळशानेही पाण्यातील क्षार वा नायट्रेट जात नाहीत, आणि रोगजंतूंचा भरवसा तर मुळीच देता येत नाही. उलट क्लोरीन त्याच्यापुढे टिकत नसल्यामुळे पाण्याचा तो रक्षकही नाहीसा होतो. आणि ओला कोळसा फार दिवस तसाच राहिला, तर त्यावर जंतू वाढतात.

यास्तव पाण्यात तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा, वरचे पाणी गाळावे, कोळशाचा संस्कार करावा आणि सर्वांत शेवटी ते खळखळून उकळावे. कोळसा वेळच्या वेळी बदलावा. पाणी कितीही नितळ दिसले, तरी घरातील तान्ह्या मुलास व वृद्धांस ते उकळल्यावाचून देऊ नये.