मंदीतला हिवाळा आणि नोकरीचा शोध

(डिसेंबर 2019 मध्ये रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत आणि पहाटेची थंडीही आता जाणवू लागली आहे. पण यंदा भोसरी, तळवडे, चाकण या आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत थंडीबरोबर आणखी एक काळजी आली आहे. कुणाच्या मिस्टरांना ठेकेदाराने ‘ब्रेक’ दिला आहे, कुणाच्या मुलाचं ट्रेनी म्हणून मिळालेलं काम संपलं आहे, तर कुणी स्वतःच जिथे काम करत होती ती लाईन बंद झाली आहे. एक नोकरी गेली आणि दुसरी मिळायची आहे, असा हा मधला काळ घरानं कसा काढायचा, त्यात कोणते पैसे आपल्या हक्काचे असतात आणि रोजचा दिवस कसा लावायचा, याबद्दल आज बोलू या.

आधी हे झालं कशामुळे, ते थोडक्यात समजून घेऊ. आपल्याकडे बहुतेक लोक गाडी कर्ज काढून घेतात. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था कर्ज फेडू शकली नाही. तेव्हापासून खाजगी फायनान्स कंपन्यांनी हात आखडता घेतला. त्याच महिन्यापासून नवी गाडी घेताना काही वर्षांचा विमा एकदम भरावा लागू लागला. ट्रकमध्ये जास्त माल भरायला परवानगी मिळाली, त्यामुळे नव्या ट्रकची गरज कमी झाली. येत्या 1 एप्रिलपासून बीएस-6 इंजिनाच्याच गाड्या विकता येणार आहेत, म्हणून गिऱ्हाईक थांबलं आहे आणि कंपन्यांनीही जुन्या गाड्या बनवणं कमी केलं आहे. या ऑगस्टमध्ये देशात प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा 31 टक्क्यांहून जास्त घटली. 

मोठ्या कंपनीनं गाड्या कमी केल्या, की भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपची ऑर्डर कमी होते. मग प्लेटिंगवाला, पॅकिंगवाला, टेम्पोवाला, कॅन्टीनवाला यांचंही काम घटतं. शेवटी आपल्यापैकी जी ताई डबे करते, तिचेही डबे कमी होतात. हे सगळं मी एवढ्यासाठी सांगते, की घरातल्या माणसाला ते सांगता यावं. नोकरी गेली की माणसाला वाटतं, आपणच कमी पडलो. शेजारी आणि पाहुणेही तसंच सुचवतात. पण जिथे अख्खी शिफ्ट बंद होते, तिथे एकट्या माणसाचा दोष नसतो. 2008 च्या हिवाळ्यातही याच भागात ऑर्डरी अशाच तुटल्या होत्या. 2009-10 मध्ये गाड्यांची विक्री पुन्हा वाढली. आताही एप्रिलनंतर चित्र बदलेल असं म्हणतात. पण त्या भरवशावर बसू नका. हिशेब मांडताना किमान चार-पाच महिन्यांचा मांडा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कामावरून कमी करताना पुष्कळदा कागद पुढे करतात आणि ‘इथे सही करा’ म्हणतात. तो कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही. तो राजीनामा असेल, तर ‘मी आपणहून नोकरी सोडली’ असा त्याचा अर्थ होतो. कंपनीनं कमी केलं असेल आणि वर्षभराची सलग नोकरी झाली असेल, म्हणजे कायद्याच्या हिशेबात वर्षात 240 दिवस भरले असतील, तर कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार मिळतो. शिवाय दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळतो. राजीनाम्यावर सही केली, की हे दोन्ही हातचं जातं. ‘घरी दाखवून उद्या आणतो’ एवढं म्हणायला कुणाची ना नसावी. घरातल्या माणसाला हे आजच सांगून ठेवा.

पगार महिन्याला 24,000 रुपयांपर्यंत असेल, तर कामावरून कमी केल्यावर राहिलेला पगार दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत द्यायचा असा नियम आहे. ठेकेदारानं पगार बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. म्हणून हजेरी कार्ड, पगाराच्या स्लिपा, गेटपास, बँकेचं पासबुक यांतलं काहीही टाकून देऊ नका. एका पिशवीत सगळं जमवून ठेवा. दाद मागायची वेळ आली, तर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे कामगारांना आणि बायकांना मोफत कायदेशीर मदत मिळते. बायकांना तर उत्पन्नाची अटही नाही.

एकाच मालकाकडे सलग 5 वर्षं झाली असतील, तर ग्रॅच्युइटी मिळते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून होणाऱ्या रकमेला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. समजा ही रक्कम 13,000 आहे आणि नोकरी 6 वर्षं झाली. तर 13,000 भागिले 26 म्हणजे 500, गुणिले 15 म्हणजे 7,500, आणि गुणिले 6 म्हणजे 45,000 रुपये. घरच्या घरी करता येतो हा हिशेब.

पीएफबद्दल आपल्याकडे फार घाई होते. एक महिना बेकार राहिल्यावर 75 टक्के रक्कम काढता येते आणि दोन महिन्यांनी उरलेली. पण काढता येते म्हणून सगळी काढलीच पाहिजे असं नाही. एक तर नोकरीला 5 वर्षं झाली नसतील आणि रक्कम 50,000 किंवा त्याहून जास्त असेल, तर त्यातून कर कापला जातो. दुसरं म्हणजे याच खात्याला पेन्शन जोडलेली आहे. 10 वर्षांची नोकरी भरली तर म्हातारपणी पेन्शन मिळते. पेन्शनचे पैसे काढून घेतले, तर तेवढी वर्षं मोजणीतून जातात आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. म्हणून आधी गरजेपुरतीच रक्कम काढा. नवी नोकरी लागली की जुनं खातं नव्याला जोडून घ्या. त्यासाठी आधार, बँक खातं आणि मोबाईल नंबर पीएफच्या नंबराला जोडलेले आहेत ना, आणि कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे ना, हे लगेच बघून घ्या.

पगारातून ईएसआयसी कापली जात असेल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली दवाखान्याची. नोकरी गेली म्हणजे कार्ड लगेच बंद झालं, असा समज आहे. तसं नसतं. या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर येत्या जानेवारी ते जून या काळात स्वतःला आणि कुटुंबाला उपचार मिळतात. थंडीत लेकरांना ताप-खोकला आणि सासूबाईंना दमा होतोच. तेव्हा खाजगी दवाखान्यात पैसे घालण्याआधी मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात किंवा आपल्या जवळच्या दवाखान्यात चौकशी करा. दुसरी गोष्ट, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. गेल्या वर्षी 1 जुलैपासून ही योजना सुरू आहे. किमान दोन वर्षं विमा असेल आणि त्यातल्या प्रत्येक सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी असेल, तर बेकारीच्या काळात रोजच्या सरासरी कमाईच्या 25 टक्के रक्कम जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी मिळते. रोज 400 पडत असतील, तर 100 रुपये रोज, म्हणजे एकूण 9,000. हे पैसे बेकारीला तीन महिने झाल्यावर मिळतात आणि आयुष्यात एकदाच मिळतात. गैरवर्तनाबद्दल काढलेल्यांना मात्र ते मिळत नाहीत. 

आता घरखर्चाकडे वळू. हिवाळ्यात गॅस जास्त लागतो, कारण प्रत्येकाला आंघोळीला गरम पाणी हवं. सगळ्यांचं पाणी एकाच वेळी तापवा, पुन्हा पुन्हा शेगडी पेटवू नका. यंदा पाऊस लांबला, कांद्याचं पीक सडलं आणि कांदा शंभरी ओलांडून गेला. तेव्हा या महिन्यात कांद्याशिवाय होणाऱ्या भाज्या करा. मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी याच दिवसांत चांगली मिळते. गावाकडून ज्वारी-बाजरी येत असेल, तर बिनदिक्कत मागवा, त्यात कमीपणा कसला! लग्नसराई आहे, आहेर द्यावे लागतात. पुढे 15 जानेवारीला संक्रांत आहे. मैत्रिणींनो, वाण लुटण्यासाठी कर्ज काढू नका, बचत गटातून तर मुळीच नको. हळदीकुंकू आणि तिळगूळ एवढ्यानं संक्रांत पूर्ण होते. कर्जाचा हप्ता थकायच्या आधी बँकेत किंवा फायनान्स कंपनीत जाऊन परिस्थिती सांगा. हप्ते थकल्यावर बोलण्यापेक्षा आधी बोललेलं बरं पडतं. आणि एक खर्च मुद्दाम बाजूला काढून ठेवा, तो नोकरी शोधण्याचा. बसभाडं, झेरॉक्स, फोटो, मोबाईलचा रिचार्ज. हा खर्च सांगायला संकोच वाटतो, म्हणून माणूस घरीच बसतो. ठरवून डब्यात पैसे ठेवले, की रोज हात पसरावा लागत नाही.

दिवसाचंही तसंच. काम शोधणं हेसुद्धा एक काम आहे, त्याला वेळ ठरवून द्यावी लागते. फर्स्ट शिफ्टच्या वेळी कंपनीच्या गेटवर ठेकेदाराची माणसं भेटतात, म्हणून पहाटेच निघावं लागतं. अशा वेळी स्वेटर, कानटोपी आणि पोटात गरम काहीतरी असू द्या. दुपारी घरी आल्यावर कुठे गेलो, कुणाला भेटलो, पुन्हा कधी बोलावलं, हे एका वहीत लिहायचं. महास्वयम् या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. रोजगार मेळाव्यांची माहितीही तिथे मिळते. फक्त गाड्यांच्या कंपन्यांकडेच बघू नका. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर यांची गरज औषधांच्या, खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत, दवाखान्यांत आणि मोठ्या सोसायट्यांतही असते. उरलेल्या वेळात मुलांना शाळेत सोडणं, पाणी भरणं, दळण आणणं ही कामं घरी असलेल्या माणसानं करावीत. त्यात उपकार नाहीत आणि अपमानही नाही.

मंदीत फसवणारेही फार असतात. ‘नोकरी पक्की आहे, फक्त रजिस्ट्रेशनचे, गणवेशाचे, मेडिकलचे पैसे भरा’ असा फोन आला, तर समजा की ही फसवणूक आहे. नोकरी देणारा पगार देतो, तो आधी पैसे मागत नाही. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात देऊ नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच, तर लाजेनं गप्प न बसता त्याच दिवशी बँकेला आणि पोलीस ठाण्यात कळवा.

आणि आता थोडं आपल्याबद्दल. वायरिंग आणि असेंब्लीच्या लाईनवर आपल्या कितीतरी मैत्रिणी काम करतात. पुरुषाची नोकरी गेली की घर हादरतं. बाईची गेली की म्हणतात, ‘बरं झालं, आता घराकडे लक्ष दे.’ तिचं जाणं मोजतच नाहीत. पण तिच्या पगारातून मुलीची फी जात होती, भिशी जात होती. तेव्हा वर सांगितलेला प्रत्येक हक्क तिचाही आहे. पीएफ, ग्रॅच्युइटी, ईएसआयसी, नोटीस, सगळं. आणि काम शोधायला तिलाही वेळ आणि बसभाडं हवं. पहाटे गेटवर जायचं असेल, तर त्या दिवशीचा स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी बघितला पाहिजे. घरात दोघंही बेकार असतील, तर दोघांचा शोध सारखाच महत्त्वाचा धरा. ज्याला आधी काम मिळेल, त्यानं जावं.

शेवटी मनाचं. माणूस गप्प गप्प राहू लागला, झोपेना, जेवेना, दारूकडे वळला किंवा ‘माझा काही उपयोग नाही’ असं बोलू लागला, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा, विचारा, सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा. मुलांपासूनही लपवू नका. ‘बाबांचं काम सध्या बंद आहे, ते नवीन शोधताहेत, यंदा काही गोष्टी कमी आणू,’ एवढं सांगितलं तर मुलांना कळतं. न सांगितल्यानं ती जास्त घाबरतात.

तर मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाली, की दोन गोष्टी करा. कागदांची पिशवी काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर कुठून किती पैसे यायचे आहेत ते लिहा. लिहिताना घरातल्या सगळ्यांना जवळ बसवा. ज्यांच्या घरी अजून नोकरी शाबूत आहे, त्यांनीही ही पिशवी आजच भरून ठेवावी, आणि शेजारच्या घरात अशी वेळ आली असेल तर हे सगळं तिथेही जाऊन सांगावं.