पतीचे दिवाळे आणि पत्नीची मालमत्ता

पतीचे दिवाळे निघाले म्हणजे पत्नीचेही निघाले, असा समज आपल्या देशात सर्वत्र आढळतो. कायदा तसे मानीत नाही. विवाहामुळे पतीपत्नींची मालमत्ता आपोआप एक होते, असा सर्वसाधारण नियम भारतात नाही. अपवाद गोव्याचा. तेथे पोर्तुगीज अमदानीतील दिवाणी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास मालमत्ता उभयतांची समाईक ठरते.

व्यक्तीच्या नादारीसंबंधी मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांसाठी 1909 चा आणि इतरत्र 1920 चा कायदा आहे. 2016 च्या संहितेतील व्यक्तिविषयक तरतुदी 2019 मध्ये केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरत्या अमलात आल्या.

समजा, कानपूरमधील एका कापडव्यापाऱ्याला न्यायालयाने नादार ठरविले. त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या प्रापकाच्या स्वाधीन होते आणि तिच्या विक्रीतून धनकोंची देणी भागविली जातात. परंतु पत्नीचा पगार, तिला माहेरकडून वारशाने मिळालेली जमीन व तिचे स्त्रीधन यांवर या धनकोंचा हक्क पोहोचत नाही. स्त्रीधन पतीच्या घरी असले तरी पती त्याचा केवळ रक्षक असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये स्पष्ट केले आहे. कुटुंबाचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी व अंथरूणपांघरूण, तसेच धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरविता येत नाहीत असे दागिने, यांनाही दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीपासून संरक्षण दिले आहे.

मग संकट येते कोठून? बहुधा सहीतून. पत्नी सहकर्जदार किंवा जामीनदार झाली असेल, तर ते कर्ज तिचेही होते. 1872 च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. पती नादार ठरला म्हणून ती संपत नाही.

घर दोघांच्या नावावर असेल तर केवळ पतीचा हिस्सा प्रापकाकडे जातो. तो त्रयस्थाने विकत घेऊन वाटणीचा दावा लावल्यास, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराबाबत पत्नीला तो हिस्सा न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस विकत घेण्याची मुभा 1893 चा वाटणी कायदा देतो. मात्र तेवढा पैसा तिच्यापाशी असावा लागतो.

दिवाळे जवळ आलेले पाहून घर पत्नीच्या नावे करून देण्याची युक्ती सहसा टिकत नाही. हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत पती नादार ठरला, तर असे बक्षीसपत्र न्यायालय रद्द करू शकते. याउलट, 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यान्वये पतीने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नीच्या व मुलांच्या हितार्थ उतरविला असेल, तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरते. धनकोंना फसविण्याचा हेतू सिद्ध झाला तरच तिला बाध येतो.

तात्पर्य, कायदा पत्नीची मालमत्ता वेगळी मानतो. परंतु ती वेगळी आहे हे दाखविण्याची वेळ तिच्यावरच येते. दागिन्यांच्या पावत्या, स्वतःच्या नावाचे बँकखाते व घराच्या किमतीत घातलेल्या रकमेची नोंद सुस्थितीच्या काळात अविश्वासाची खूण वाटेल. अडचणीच्या काळात तिच्यावरच घर तगते. आणि कोणत्याही कर्जपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचून घेणे, हा पत्नीचा हक्क आहे.