लग्नघर हॉटेलात नेताना

‘लग्नघर’ हा आपल्या भाषेतील मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. ज्या घरात कार्य निघाले, ते सबंध घरच काही दिवस आपले नेहमीचे रूप टाकून देते. माजघरात फराळाचे डबे रचले जातात, ओसरीवर पाहुण्यांच्या वळकट्या येऊन पडतात, देवघरापुढे देवक बसते आणि जिचे लग्न, तिला मात्र वेणी घालून घ्यावयास कोपरा सापडत नाही. अलीकडे बारडोलीच्या आसपासच्या मराठी कुटुंबांत हे लग्नघर गावातून उठून सुरतेच्या एखाद्या हॉटेलात जाऊ लागले आहे. लग्न गावातल्या वाडीत किंवा पार्टी प्लॉटवर, पण वधूचा साजशृंगार आणि छायाचित्रे तेवढी सुरतेच्या हॉटेलात, अशीही एक नवी तऱ्हा निघाली आहे. हॉटेल कोणते घ्यावे, हे विचारावयास शाळेतून शिकून गेलेल्या मुलींचे पालक माझ्याकडे येतात. मुख्याध्यापकाने दाखल्यांवर सह्या कराव्यात की हॉटेले सुचवावीत, हा प्रश्न वेगळा. परंतु परप्रांतातल्या मराठी माणसाला गावचा शिक्षक अजून घरचाच वाटतो, याचा मला आनंद आहे.

या नव्या तऱ्हेला नाक मुरडण्याचे कारण नाही. वाडे गेले, ओसऱ्या गेल्या. दोन खोल्यांच्या सदनिकेत पन्नास पाहुणे कोठे उतरवावयाचे? तेव्हा हॉटेल घ्यावे, अवश्य घ्यावे. तक्रार आहे ती हॉटेल निवडण्याच्या पद्धतीविषयी. दुसऱ्या कोणाच्या लग्नाची छायाचित्रे मोबाईलवर पाहिलेली असतात. त्यांत संगमरवरी जिना असतो, झुंबर असते, कारंजे असते. तेच हॉटेल हवे, असा हट्ट धरला जातो. जिन्यावर मुलगी उभी राहते दहा मिनिटे. खोलीत मात्र ती चार-पाच तास बसते, आणि ती खोली कोणी आधी पाहिलेलीच नसते.

प्रथम वेळेचे गणित मांडून पाहू. बारडोली ते सुरत अंतर सुमारे ३५ किलोमीटर. एरवी तासाभराचा रस्ता. परंतु कडोदरा चार रस्त्यावर कापडगिरण्यांच्या मालमोटारींची गर्दी असते, आणि लग्नसराईच्या ऐन दिवसांत, म्हणजे कार्तिकापासून पुढे चैत्रापर्यंत, आपल्या भागात साखर कारखान्यांचा गळीत हंगामही चालू असतो. डांग-खानदेशातून आलेली ऊसतोड मंडळी, त्यांच्या बैलगाड्या आणि उसाचे ट्रक रस्त्यावर असतात. त्यांना बाजूला सारून नवरीच्या मोटारीने पुढे जावे, असे कोणी म्हणू नये. तीही पोटापाण्यासाठीच घर सोडून आलेली माणसे आहेत. म्हणून या प्रवासाला दीड तास धरावा.

आता समजा, माघातला सकाळी १० वाजून १२ मिनिटांचा मुहूर्त आहे. त्याआधी वधूला गौरीहरापाशी बसावयाचे असते. म्हणजे तिने सव्वानऊपर्यंत मांडवात पोचले पाहिजे. त्यासाठी सुरत पावणेआठला सोडावयास हवी. छायाचित्रांना एक तास धरला, तर पावणेसातला ती तयार हवी. केशरचना, रंगभूषा, नऊवारी, दागिने यांना तीन तास लागतात. म्हणजे पहाटे पावणेचारला आरंभ. आणि माघात सुरतेला सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास! ज्या नैसर्गिक प्रकाशासाठी एवढा खटाटोप केला, तो छायाचित्रांच्या तासाचा पूर्वार्ध संपेपर्यंत आलेलाच नसतो. आणि चांगला उजाडतो तोवर मोटार दाराशी उभी असते. रात्रभर न निजलेल्या मुलीचा चेहरा कोणत्या दिव्याने खुलणार? सकाळचा मुहूर्त असेल आणि मांडव बारडोलीत असेल, तर सुरतेचे हॉटेल घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोरज मुहूर्ताची गोष्ट निराळी. संध्याकाळी साडेसहाचा मुहूर्त असला, तर दुपारी तीन ते चार हा छायाचित्रांचा काळ मिळतो. तेव्हा प्रकाश भरपूर असतो, मुलीची झोप झालेली असते आणि साडेपाचपर्यंत मांडवात येता येते. पण येथेही एक मेख आहे. बहुतेक हॉटेलांत खोली ताब्यात मिळण्याची वेळ, ज्याला चेक-इन म्हणतात, दुपारी बारा किंवा दोन अशी असते. दोन वाजता खोली मिळाली, तर शृंगार आटोपणार कधी? अशा वेळी आदल्या दिवसापासून खोली घ्यावी, किंवा सकाळी दहाला ती देण्याचे लेखी कबूल करून घ्यावे. ‘बघू, करून देऊ’ हे उत्तर लग्नात चालत नाही.

पाहुणे कोठून येणार, याचाही विचार व्हावा. आपल्यापैकी कित्येक घराणी गायकवाडी अमलात सोनगड, व्यारा, नवसारी या बाजूंना येऊन राहिली. कित्येक खानदेशातून आली. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव या बाजूची मंडळी ताप्ती-खोऱ्याच्या रेल्वेने थेट बारडोलीस उतरू शकतात. त्यांना सुरतेस नेऊन पुन्हा बारडोलीस आणणे हा शुद्ध द्राविडी प्राणायाम होय. मुंबई-पुण्याकडची मंडळी मात्र सुरतेस उतरतात; त्यांच्यासाठी तेथील खोल्या सोयीच्या. मुंबईकरांना एक गोष्ट आधीच कळवावी, की गुजरातेत दारूबंदी आहे. नंतर हॉटेलच्या व्यवस्थापकाशी हुज्जत नको.

आता खोलीकडे वळू. वधूची खोली पाहावयास जाताना मुलीच्या आईला आणि छायाचित्रकाराला बरोबर न्यावे, आणि ज्या वेळी शृंगार व्हावयाचा आहे त्याच वेळी जावे. आधी खिडकी पाहावी. आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन थेट आत येत नाही. त्यामुळे तिचा प्रकाश शांत, मऊ आणि तासन्‌तास सारखा राहतो. दक्षिणेच्या खिडकीत ऊन येते. तेथे पातळ पांढरा पडदा असल्यास काम भागते. समोरच्या इमारतीची भिंत हातभर अंतरावर असेल, तर ती खिडकी नसल्यातच जमा. रिंग रोडच्या कापडबाजाराच्या परिसरात व्यापाऱ्यांना समोर ठेवून बांधलेली हॉटेले आहेत. रात्री पाठ टेकावयास खोली ठीक, पण नवरी सजवावयास अपुरी, असे तेथे पुष्कळदा आढळते. अठवालाइन्स-डुमस बाजूची मोठी हॉटेले ऐसपैस असतात, पण बारडोलीहून येणाऱ्याला त्यांच्यासाठी सबंध शहर ओलांडावे लागते.

खिडकीनंतर दिवे. आपल्या वधूची अष्टपुत्री पिवळी, अंगावर हळदीची छटा पिवळी, सोने पिवळे. त्यात हॉटेलच्या खोलीतले दिवेही पिवळे असले, म्हणजे छायाचित्रात एक सरसकट पिवळेपण पसरते आणि हिरवा चुडासुद्धा मळकट दिसतो. एका बाजूने खिडकीचा पांढरा प्रकाश आणि दुसऱ्या बाजूने पिवळा दिवा, ही तर सर्वांत वाईट स्थिती. निम्मा चेहरा एका रंगाचा, निम्मा दुसऱ्या. पिवळे दिवे बंद करून काम होईल एवढा उजेड खोलीत आहे का, हे पाहावे. भिंती गर्द तांबड्या किंवा हिरव्या असतील, तर त्यांचीही झाक तोंडावर येते. फिकट भिंतींची साधी खोली त्यापेक्षा बरी.

मग जागा. हॉटेलची खोली म्हणजे बहुधा एक भला मोठा पलंग आणि त्याभोवती चालावयास वाट. आपले काम तर जमिनीवरचे: पाट मांडावयाचा, नऊवारीचा घोळ पसरावयाचा, काकू-मावशांनी भोवती बसावयाचे. छायाचित्रकाराला मागे सरकावयास चार पावले तरी हवीत. पलंग हलविता येतो का, शेजारची खोली मधल्या दाराने जोडलेली आहे का, हे विचारावे. आणि आजी! लिफ्ट बंद पडली तर आजी तिसऱ्या मजल्यावर कशी चढणार, याचा विचार बहुधा कोणी केलेलाच नसतो. चुडा भरताना आजी जवळ नसेल, तर ते छायाचित्र कितीही सुरेख येवो, घरच्यांच्या लेखी ते अपुरेच.

पूर्वी १२० क्रमांकाच्या एका रिळावर चौकोनी छायाचित्रे निघत ती अवघी बारा. छायाचित्रकार ती जपून वापरी: अंतरपाट, माळ, लाजाहोम, सप्तपदी, पाठवणी. शृंगाराची छायाचित्रे फारशी कोणी घेत नसे. आज हजारो निघतात, आणि त्यामुळे आतल्या खोलीतले, बायकांचे, आजवर पुरुषांनी न पाहिलेले लग्न प्रथमच चित्रांत येऊ लागले आहे. ही मला या नव्या प्रथेची खरी मिळकत वाटते. जिना आणि झुंबर काय, सगळ्यांच्याच छायाचित्रांत सारखे असतात.

लग्नविधीही हॉटेलातच व्हावयाचे असतील, तर एक प्रश्न सर्वांत आधी विचारावा: सभागृहात होम पेटविता येईल का? पुष्कळ ठिकाणी छताला धूर ओळखणारी यंत्रे असतात आणि उघड्या अग्नीला मनाई असते. मंडळी सजावटीचे पैसे भरून बसतात आणि हे कळते ते गुरुजी समिधा मांडू लागल्यावर. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात म्हटले आहे, की ज्या विवाहविधीत सप्तपदी असते तेथे अग्नीसमक्ष सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. विवाह म्हणजे नाचगाणे आणि मेजवानी नव्हे, असे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले आहे. तेव्हा होमाची सोय निदान हिरवळीवर किंवा गच्चीवर असलीच पाहिजे.

अग्नीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. २४ मे २०१९ रोजी सुरतेत सरथाणा येथील तक्षशिला इमारतीला आग लागून शिकवणी वर्गातील २२ विद्यार्थी दगावले. आम्हा शिक्षकांना तो दिवस विसरता येत नाही. खोली पाहावयास जाल तेव्हा दुसरा जिना कोठे आहे, तो उघडा आहे की खुर्च्या-गाद्या रचून बंद केला आहे, हे स्वतः चालत जाऊन पाहा. असे पाहण्यात संकोच कसला?

राहता राहिला पैसा. आपल्याकडे लग्न ठरताना याद्या होतात. मानपान, कपडे, जेवणावळी कोणी करावयाच्या हे त्यांत लिहिले जाते. हॉटेलची खोली हा खर्च मात्र अजून यादीत आलेला नाही, म्हणून तो गुपचूप मुलीच्या बापाच्या माथी येतो. नवरदेवाकडच्यांना सुरतेच्या हॉटेलातली छायाचित्रे हवी असतील, तर बैठकीतच बोलून यादीवर चढवावे, आणि निम्मा भार त्यांनी उचलावा. बोलताना अवघड वाटते. कर्ज फेडताना अधिक अवघड वाटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्यावर १८ टक्के. हा उंबरठा शंभर-दोनशे रुपयांनी ओलांडला, तर कराचाच बोजा हजाराच्या घरात वाढतो. हळदीचे डाग चादरी-टॉवेलांना लागले, तर भरपाई घेतात. तेव्हा हळदीच्या दिवशी घरच्या जुन्या चादरी न्याव्यात. बाहेरचा छायाचित्रकार आणल्यास वेगळे शुल्क आहे का, गच्चीवर व बागेत छायाचित्रे काढू देतात का, हे पावतीवर लिहून घ्यावे. डुमस बाजूला विमानतळ जवळ असल्यामुळे ड्रोनवर निर्बंध आहेत. त्या हौसेसाठी आगाऊ रक्कम देऊ नये.

दर चढतात ते विशेषतः परदेशस्थ गुजराती कुटुंबे लग्नांसाठी येतात तेव्हा. आपल्या सुरत जिल्ह्यातून गेलेल्या कानजीभाई देसाई यांनी १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात हॉटेल चालवावयास घेतले, आणि त्यांच्या मागोमाग गेलेल्या पाटीदारांनी अमेरिकेतील मोटेलांच्या धंद्यात केवढे स्थान मिळविले, हे सर्वश्रुत आहे. जगाला खोल्या भाड्याने देणाऱ्या या मुलखात आपल्याला मात्र माघात खोली मिळू नये, ही गंमतच! डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत गुजराती मंडळींचे कमुरते असते; त्या दिवसांत त्यांची लग्ने होत नाहीत. आपल्या पंचांगात तेव्हा मुहूर्त असला, आणि पौषाची अढी घरच्यांच्या मनात नसली, तर दराविषयी घासाघीस करावयास तोच काळ बरा.

किरकोळ बाबी लौकर उरकतो. प्रत्येक प्रौढ पाहुण्याचे ओळखपत्र लागते. परदेशातून येणाऱ्यांचे पारपत्र व व्हिसा हॉटेलला पाहावा लागतो. मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा हवा असल्यास आधी सांगावे लागते; सुरतेच्या आचाऱ्याला अळू म्हटले की पात्रा आठवतो.

दागिन्यांचे काय? मुहूर्ताच्या वेळी सर्व मंडळी मांडवात असतात आणि खोली रिकामी. तेव्हा किल्ली अशा एका मावशीकडे किंवा आत्याकडे द्यावी, जिला व्यासपीठावर जाण्याची घाई नाही. हॉटेलच्या तिजोरीत काही ठेवल्यास दोघांदेखत ठेवावे. आणि खोली सोडण्याची वेळ नीट पाहावी. लग्न हॉटेलातच असेल, तर वधू जेवणे झाल्यावर साडी बदलावयास पुन्हा त्याच खोलीत येते. सकाळचा मुहूर्त असला, तर पाठवणी दुपारी चारच्या आत होत नाही आणि हॉटेलवाले अकरालाच दार ठोठावतात. अर्ध्या दिवसाचे जादा भाडे आधीच ठरवून भरून टाकावे. त्या घटकेला मुलीच्या आईला खोली आवरावयास लावू नये.