नव्वद दिवसांचा दाखला आणि मुंबईतला निधी

सकाळचे आठ वाजायच्या आत नांदेड आणि लातूर शहरांतले मजूर अड्डे भरू लागतात. कुणाच्या पिशवीत थापी आणि ओळंबा, कुणाच्या हातात घमेले, बरोबर दुपारच्या भाकरीचा डबा. गुत्तेदाराचा माणूस मोटारसायकलवर येतो, दोन गवंडी आणि चार बिगारी मोजून घेतो, मजुरी तिथेच ठरते आणि टोळी निघून जाते. उद्या हाच गुत्तेदार येईल की दुसरा, हे कोणी सांगू शकत नाही. या माणसांनी वर्षभरात नेमके किती दिवस बांधकामावर काम केले, त्याची नोंद कुठल्याही वहीत सापडत नाही. आणि नेमक्या याच नोंदीच्या पायावर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचा सारा डोलारा उभा आहे.

मंडळाचे मुख्यालय मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. नांदेडपासून ते जवळजवळ सहाशे किलोमीटर. तेथे ठरलेला निर्णय मुखेडच्या किंवा निलंग्याच्या गवंड्यापर्यंत कसा पोहोचतो आणि वाटेत कुठे अडतो, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. मराठवाड्याने तोवर एवढे मोठे बांधकाम एका वेळी क्वचितच पाहिले असेल. पण त्या भिंती बांधणाऱ्या मजुरांसाठी वेगळा कायदा त्या वेळी अस्तित्वात नव्हता. पडून हातपाय मोडला, तर गुत्तेदाराच्या दयेवर. बांधकाम कामगारांसाठी संसदेने दोन कायदे केले ते १९९६ मध्ये : एक कामगारांची नोंदणी, सुरक्षा व कल्याण यांचा, दुसरा त्यासाठी पैसा उभा करणाऱ्या उपकराचा. महाराष्ट्राने त्याखालील नियम केले २००७ मध्ये. म्हणजे अकरा वर्षे कायदा होता, नियम नव्हते. योगायोग असा, की गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेड शहर ठिकठिकाणी खोदलेले होते, ते याच सुमारास. २००८ च्या सोहळ्यापूर्वी रस्ते, पूल, इमारती यांची कामे रात्रंदिवस चालली होती. त्या कामांवर घाम गाळलेल्यांपैकी किती जणांच्या हाती तेव्हा मंडळाचे ओळखपत्र होते, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

पैसा येतो कुठून?

मंडळाचा खर्च सरकारी तिजोरीतून चालतो, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः मंडळाकडे येणारा पैसा हा प्रामुख्याने उपकराचा आहे. बांधकामाच्या खर्चावर किमान एक आणि कमाल दोन टक्के उपकर घेण्याची मुभा कायद्याने दिली आणि केंद्र सरकारने दर एक टक्का ठरविला. जमिनीची किंमत त्यात धरली जात नाही. लातूरमध्ये पाच कोटी रुपये खर्चून व्यापारी संकुल उभे राहिले, तर पाच लाख रुपये मंडळाचे. सरकारी काम असेल तर गुत्तेदाराच्या देयकातूनच ही रक्कम कापली जाते. खासगी इमारत असेल तर नकाशा मंजूर करताना महापालिका किंवा नगरपरिषद ती भरून घेते. वसुलीच्या खर्चापोटी वसूल रकमेच्या एक टक्क्यापर्यंत वजावट करण्याची सोय १९९६ च्या कायद्यात होती.

हा सारा पैसा राज्याच्या एकाच निधीत जमा होतो. जिल्हावार वाटणी नाही. वरवर पाहता ही गोष्ट मराठवाड्यावर अन्याय करणारी वाटते. प्रत्यक्षात ती उलट आहे. मुंबई आणि पुण्यातील टोलेजंग इमारतींच्या उपकरावर कंधारच्या बिगाऱ्याचाही तेवढाच हक्क आहे. अट एकच, त्याने अर्ज केला पाहिजे आणि तो मंजूर झाला पाहिजे. ज्या जिल्ह्यातून अर्ज कमी, त्या जिल्ह्यात पैसा कमी. अनुशेषाची कोणतीही तरतूद इथे लागू होत नाही. त्यामुळे नोंदणीची खिडकी हीच इथे खरी तिजोरी ठरते.

नागपूर–तुळजापूर महामार्ग हदगाव, अर्धापूर, नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, औसा असा दोन्ही जिल्ह्यांना छेदून जातो. अशा मोठ्या कामांवर उपकर वसूल होणे सोपे असते, कारण देयक एकाच ठिकाणी निघते. त्याच कामावरील मजूर मात्र एका ठिकाणी राहत नाही. पैसा जागेवर सापडतो, माणूस सापडत नाही, अशी ही गंमत आहे.

निर्णय घेतो कोण?

कायद्याने मंडळ त्रिपक्षीय केले आहे. १९९६ च्या कायद्यानुसार अध्यक्ष, केंद्राने नामनिर्देशित केलेली एक व्यक्ती आणि राज्य सरकारने नेमलेले जास्तीत जास्त पंधरा सदस्य. त्यात शासन, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान हवेत आणि किमान एक महिला हवी. रचना कागदावर समतोल दिसते. परंतु कामगारांचे प्रतिनिधी कामगारांनी निवडून द्यायचे नसतात, सरकार त्यांना नेमते. ते कोणत्या विभागातून यावेत, याविषयी कायदा मौन बाळगतो. मराठवाड्याच्या मजुराचा आवाज बैठकीत असावा, अशी सक्ती कुठेही नाही.

मंडळ योजना आखते, तिचे स्वरूप आणि रक्कम ठरविते. शासनाच्या मान्यतेनंतर ती लागू होते. दैनंदिन कारभार सचिव व मुख्य कार्यकारी अधिकारी पाहतात. प्रशासकीय खर्च वर्षभराच्या एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांपेक्षा अधिक होता कामा नये, असे बंधन १९९६ च्या कायद्याने घातले होते. या बंधनाचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही : योजनांवर खर्चच कमी झाला, तर कर्मचारी नेमायलाही पैसा उरत नाही, आणि कर्मचारी नसले की अर्ज तुंबतात.

योजनांची यादी लहान नाही. कामावर अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला पाच लाख रुपये, नैसर्गिक मृत्यू झाल्यास दोन लाख, विधवा पत्नीला पाच वर्षे दरसाल २४ हजार, पहिल्या विवाहाला ३० हजार, नैसर्गिक प्रसूतीला १५ हजार आणि शस्त्रक्रियेने झाल्यास २० हजार. पहिली ते सातवीतल्या मुलांना वर्षाला अडीच हजार आणि आठवी ते दहावीला पाच हजार, तेही शाळेतील हजेरी ७५ टक्के असल्यास. हा लाभ पहिल्या दोन मुलांपुरता.

याखेरीज दुसरा प्रकार म्हणजे वस्तूंचा. सुरक्षा संच, गृहोपयोगी भांड्यांचा संच, काही काळ मध्यान्ह भोजन. रोख मदत द्यायची की वस्तू, हा मंडळापुढील सर्वांत कळीचा निर्णय असतो. रोख रक्कम एकेका अर्जाची तपासणी करून द्यावी लागते. वस्तूंसाठी एक निविदा काढली की हजारोंना एकदम वाटप करता येते आणि खर्चाचा आकडा झपाट्याने वाढतो. भांडी घरात उपयोगी पडतात, हे कोणी नाकारणार नाही. पण पाय मोडून घरी बसलेल्या गवंड्याला कढईपेक्षा औषधाचे पैसे हवे असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात देशभरातील मंडळांवर जे ताशेरे ओढले, त्यांत निधी लॅपटॉप आणि धुलाईयंत्रांवर खर्च झाल्याचाही उल्लेख आहे. त्या वेळी देशात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमा झाला होता आणि त्यातील केवळ ९,५०० कोटींच्या आसपास कामगारांवर खर्च झाले होते.

एका सहीचे मोल

आता पुन्हा मजूर अड्ड्याकडे. लाभार्थी व्हायचे तर वय १८ ते ६० दरम्यान हवे आणि मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असले पाहिजे. ९० दिवसांचा दाखला द्यायचा कोणी? मालकाने किंवा गुत्तेदाराने. तो देत नसेल तर गावात ग्रामसेवकाने, शहरात महापालिका वा नगरपरिषदेच्या अधिकाऱ्याने.

गुत्तेदार सहसा सही देत नाही. सही दिली की आपल्याकडे किती मजूर होते, किती दिवस होते, हे लेखी होते आणि त्यामागून इतर जबाबदाऱ्या येतात. शिवाय वीस मालकांकडे चार-चार दिवस काम केलेल्या बिगाऱ्याला एकही मालक ९० दिवसांचे लिहून देऊ शकत नाही. मग तो ग्रामसेवकाकडे जातो. ग्रामसेवकाची अडचण वेगळी. हा माणूस गावाबाहेर कुठे, कुणाकडे राबला, हे त्याने पाहिलेले नसते. दाखला खोटा निघाला तर चौकशी त्याची. म्हणूनच ग्रामसेवकांनी या जबाबदारीला वेळोवेळी आक्षेप घेतला. परिणाम दोन टोकांचे होतात. काही ठिकाणी खरा गवंडी दाखल्यावाचून राहतो. काही ठिकाणी ज्याने कधी विटेला हात लावला नाही, त्याच्या नावे दाखला निघतो. बनावट नोंदणीच्या तक्रारी राज्यभर आहेत. त्या रोखण्यासाठी तपासणी कडक केली की कागदांची संख्या वाढते, आणि कागद वाढले की दलालाचे फावते.

अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. तपासणी जिल्ह्याच्या आणि अलीकडे तालुक्याच्या पातळीवर होते. म्हणजे लाभ कोणता द्यायचा, हे मुंबईत ठरते. कोणाला मिळणार, हे प्रत्यक्षात गावातल्या सहीवर आणि तालुक्यातल्या छाननीवर ठरते. अर्ज नाकारला गेल्यास तीस दिवसांत अपील करता येईल, अशी तरतूद १९९६ च्या कायद्यात होती. मात्र नकाराचा संदेश मोबाइलवर येतो, तो वाचून दाखवणारे कोणी नसते, आणि तीस दिवस उलटून जातात.

एकदा नोंद झाली म्हणजे काम संपत नाही. तिचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागते आणि पुन्हा ९० दिवसांचा दाखला जोडावा लागतो. नूतनीकरण झालेल्या नोंदीला मंडळाच्या भाषेत ‘जीवित’ नोंद म्हणतात. हा शब्द जितका रूक्ष तितकाच बोलका आहे. करोनाच्या टाळेबंदीत, २०२० मध्ये, मंडळाने नोंदित कामगारांच्या खात्यात आधी दोन हजार आणि पुढे तीन हजार रुपये थेट जमा केले. २०२१ मध्ये आणखी दीड हजार. पैसे त्यांनाच मिळाले ज्यांची नोंद जीवित होती. त्याच टाळेबंदीत हैदराबाद आणि पुण्याहून चालत गाव गाठणाऱ्यांपैकी ज्यांची नोंद नव्हती किंवा संपली होती, त्यांच्यासाठी या निधीत काहीही नव्हते.

हैदराबादचा प्रश्न या दोन जिल्ह्यांपुरता विशेष महत्त्वाचा. देगलूर, बिलोली, मुखेड, उदगीर, देवणी या सीमेलगतच्या तालुक्यांतील मजूर कामासाठी सहज तेलंगणात जातो. उपकर तिथल्या मंडळाकडे भरला जातो, आधारवरचा पत्ता महाराष्ट्राचा असतो आणि ९० दिवसांचा हिशेब दोन राज्यांत विभागला जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९९६ चे दोन्ही कायदे त्यांत विलीन झाले. मंडळे आणि ९० दिवसांची अट मात्र कायम आहे. कामगार जिथे स्थलांतर करील तेथील मंडळाकडून त्याला लाभ मिळावा, हा विचार नव्या संहितेत आला आहे, ही स्वागतार्ह बाब होय. पण त्याच संहितेने स्वतःच्या राहत्या घराच्या बांधकामाला मिळणारी सूट दहा लाखांवरून पन्नास लाख रुपयांपर्यंत नेली. मुंबईत पन्नास लाखांत काय बांधून होते, हा वेगळा विषय. नांदेड-लातूरच्या वसाहतींत आणि तालुक्याच्या गावांत मात्र बहुतांश घरे याच मर्यादेत बसतात. अड्ड्यावरचा गवंडी ज्या घरांवर वर्षातले अधिक दिवस काढतो, तीच उपकराबाहेर गेली. उपकर भरायचाच नसेल तर घरमालकाच्या कामाची सरकारदरबारी नोंदही राहत नाही, आणि दाखल्याचा आणखी एक आधार निसटतो.

२०२५ मध्ये राज्य शासनाने साठी पूर्ण केलेल्या नोंदित कामगारांना निवृत्तिवेतन देण्याचा निर्णय घेतला. नोंदणीला दहा वर्षे झाली असल्यास वर्षाला सहा हजार, पंधरा वर्षे झाल्यास नऊ हजार आणि वीस वर्षे झाल्यास बारा हजार रुपये. किल्लारीच्या पुनर्वसनात विशीत असताना पहिल्यांदा थापी धरलेले गवंडी आता पन्नाशीत आहेत. त्यांतील एखाद्याने ५१ व्या वर्षी पहिल्यांदा दाखला मिळवून नोंद केली असेल, तर साठीला त्याच्या खात्यावर नऊ वर्षे जमा होतील. भिंती त्याने चाळीस वर्षे बांधल्या असतील. निवृत्तिवेतनाच्या तक्त्यात नऊ वर्षांसाठी रकाना नाही.